खाडीत मासळी नाही, सबब माफी मिळावी

मेलेल्या खाडीचा दावा लढवायचा असेल तर आधी ती जिवंत होती हे सिद्ध करावं लागतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मला वाटायचं, पाण्याला वास येतो, मासे पोट वर करून काठाला लागतात, बायकांच्या हातांना फोड येतात, एवढं दाखवलं की पुरे. पुरत नाही. समोरचा वकील चष्मा पुसत विचारतो, "आधी काय होतं?" आणि आपल्याकडे त्याला द्यायला फक्त संताप असतो. संतापाची प्रत जोडता येत नाही.

माझं शिक्षण पत्रकांवर झालं. कॉलेजात असल्यापासून लिहितेय. चिरेखाणींविरुद्ध, कारखान्यांविरुद्ध, एका पानात मावेल एवढा राग आणि खाली मोर्चाची वेळ. रत्नागिरीच्या स्टँडवर मी वाटलेल्या पत्रकावर लोक वडापाव ठेवून खातात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तरी लिहिते. "पिढ्यान्‌पिढ्या गावांना पोसणारी समृद्ध खाडी" हे वाक्य तर माझ्या हाताला इतकं बसलं होतं की झोपेतही लिहिलं असतं.

तेच वाक्य माझ्यावर उलटलं. आमच्या जिल्ह्यातलं खाडीकाठचं एक गाव. दावा अजून पुरता मिटलेला नाही म्हणून नाव लिहीत नाही. वरच्या अंगाला कारखाना, खाली गाव, मध्ये खाडी. न्यायालयाने चौकशीसाठी समिती नेमली. पहिल्याच बैठकीत कारखान्याच्या वकिलांनी माझं पत्रक दोन बोटांत धरून वर केलं.

"ताई, समृद्ध म्हणजे किती?"

मी म्हटलं, "गावात कुणालाही विचारा."

"गाव तर दावेदार आहे. कागद काय म्हणतो?"

कारखान्याकडे कागद होता. गुळगुळीत छापलेला अहवाल. त्यात 'मूळ स्थिती' नावाचं प्रकरण. खाडीत मासळी तुरळक, शिंपल्या नगण्य. ही पाहणी केली होती कारखाना सुरू होऊन कित्येक वर्षं झाल्यावर. माणसाला आजारी पाडायचं, मग त्याचं वजन करायचं आणि लिहायचं, हा जन्मापासूनच हडकुळा. माझ्या धंद्यात या लबाडीला शास्त्रीय अहवाल म्हणतात.

तर तिथून मी जुन्या कागदांत शिरले. मोर्चे काढणारी बाई दप्तरखान्यात जाऊन बसली, यावर आमच्याच संघटनेतली पोरं हसली. "काय गो, आता घोषणा मोडीत देणार काय?" असं मला विचारलं गेलं. मोडी मी खरंच शिकले. एक निवृत्त शिक्षक घरी वर्ग घ्यायचे, तिथे जाऊन.

बाहेरच्यांना हे काम काय असतं ते सांगते. सरकारी अभिलेख कक्ष म्हणजे लोखंडी मांडण्यांची लांबलचक खोली. कागद तांबड्या कापडात गाठोडी बांधून ठेवलेले. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. रुमाल सोडला की आधी धूळ, मग कसरीने खाल्लेला भुगा, मग कागद. तिथे येणारे लोक ठरलेले. कलमांच्या बागेवरून भांडणारे चुलतभाऊ, एकमेकांकडे पाठ करून एकाच टेबलाशी बसलेले. जातीच्या दाखल्यासाठी पणजोबा शोधणारे. स्वस्तात सडा, म्हणजे कातळाचं माळरान, घेऊन ठेवलेले आणि आता त्यातून रस्ता शोधणारे. सगळ्यांना जमीन हवी असते. माझ्यासारखं गिऱ्हाईक तिथल्या कारकून कदम भाऊसाहेबांनी पाहिलं नव्हतं.

"गट नंबर सांगा."

"नंबर नाही. खाडीचं बघायचंय."

"खाडीचा सातबारा निघत नाही हो."

"माहीत आहे."

"मग मालक कोण?"

"कुणीच नाही."

"मग कशाला शोधताय?" कदम हे चेष्टेत म्हणाले नव्हते. त्यांना खरंच कळेना. ज्याला मालक नाही त्याचा इतिहास कुणी कशाला मागेल?

सरकारच्या दप्तरात कागदांना वर्ग असतात. अ, ब, क, ड. 'अ' म्हणजे कायम ठेवायचे. खालच्या वर्गातले काही वर्षांनी नष्ट करायचे. जमीन, सारा, हद्द हे सगळं वर. तक्रारी खाली. नीट वाचा. सरकारला तुमच्याकडून काय घ्यायचं होतं ते कायम राहतं. तुम्ही कशाबद्दल ओरडलात ते रद्दीत जातं. मला हे कळलं त्या दिवशी कदमांच्या टेबलावर मी हात आपटला. ते म्हणाले, "मी केलेले नियम नाहीत. आणि टेबल मोडलंत तर त्याचं प्रकरण 'अ' वर्गात जाईल."

त्यांनीच मग मला नष्ट केलेल्या कागदांची नोंद दाखवली. त्यात कारखाना सुरू झाल्यानंतरच्या काळातली एक ओळ होती. गावाचं नाव आणि पुढे 'खाडीत मासे मरत असलेबाबत ग्रामस्थांचे अर्ज'. त्यापुढे शिक्का, नष्ट. म्हणजे गाव तेव्हाच ओरडलं होतं. काय ओरडलं, किती मासे, कुठले, ते सगळं लगद्याच्या गिरणीत गेलं. पुढच्या बैठकीत कारखान्याच्या वकिलांनी त्या ओळीवर एवढंच म्हटलं, "विषय कळला. मजकूर कुठे आहे?"

म्हणून सरळ वाटेने जाता येत नाही. खाडीचा इतिहास खाडीच्या नावाखाली कुठेच नसतो. तो महसुलाच्या कागदांत सांडलेला असतो, तो वेचायचा. कुणी सारा माफ करून मागितला, कुठे बांध फुटला, कुठल्या साली तरीचा, म्हणजे होडीने माणसं पलीकडे न्यायचा, मक्ता कुणी घेतला. मी तशी वेचत बसले. कित्येक महिने मासळीबद्दल काहीच मिळेना.

आणि मग एका रुमालात त्या गावाचे अर्ज मिळाले. इंग्रजांच्या काळातले. एक नाही, ओळीने कित्येक सालांचे, सगळे एकाच हाताचे. अक्षर असं की मोडी अडखळत वाचणाऱ्या मलाही सरळ वाचता यावं. धारामाफीचे अर्ज. धारा म्हणजे जमिनीचा सारा. साऱ्याचं प्रकरण म्हणून वरच्या वर्गात गेलेले आणि म्हणून जगलेले. मला इतका आनंद झाला की मी कदमांना चहा पाजला. मग वाचायला घेतले.

'मौजे मजकूर येथील खाजणात खारे पाणी शिरून भात बुडाले. खाडीत मासळी मिळत नाही. शिंपल्याही नाहीत. रयत अन्नास मोताद झाली आहे. सबब धारा माफ होण्यास विनंती.'

पुढच्या सालचा उघडला. खाडीत मासळी नाही. त्याच्या पुढचा. खाडीत मासळी नाही. शब्दसुद्धा तेच. कारखान्याचा पाया खणणारे जन्मले नव्हते तेव्हापासून ते गाव दर साली सरकारला लिहून देत होतं की या खाडीत काही नाही. खाली सही होती. सहीतलं नाव माझ्या ओळखीचं होतं. तेच नाव गावच्या देवळातल्या एका फोटोखाली आहे.

आबांच्या आजोबांचं नाव.

आबा म्हणजे गावचे मानकरी. दाव्यात गावातर्फे पहिली सही त्यांची. वय ऐंशीच्या अलीकडे-पलीकडे, डोळ्यांत मोतीबिंदू, आवाज मात्र अजून पलीकडच्या तीरावर पोचेल असा. त्यांचे आजोबा गावात लिहिता-वाचता येणारा एकमेव माणूस. त्यांच्या अर्जांनी कितीतरी साली सारा माफ झाला, म्हणून खाजणातल्या, बांध घालून खाडीकडून मिळवलेल्या जमिनी सावकाराकडे गेल्या नाहीत. शिमग्यात पालखीपुढे गाऱ्हाणं घालताना 'ज्यांनी गाव राखलं' म्हणून त्यांचं नाव घेतात. आणि सगळं गाव म्हणतं, व्हय महाराजा.

मी नकला घेऊन आबांच्या ओटीवर गेले. त्यांची सून, सुगंधा वहिनी, पायरीवर बसून हाताला खोबरेल लावत होती. ती खाडीत शिंपल्या काढायला जाते. म्हणजे जायची. आता गेली की कोपरापर्यंत लाल चट्टे येतात आणि परत येते ती टोपलीच्या तळाशी चार शिंपल्या घेऊन, त्याही घरात कुणी खात नाही. उकडल्या की रॉकेलसारखा वास मारतात. तरी जाते. विचारलं तर म्हणते, "बगायला जातंय. आजाऱ्याकडं जातात तसं."

मी अर्ज वाचून दाखवला. आबा खूश. "आजाचं अक्षर काय गो! आणि भाषा बग. मोताद! ह्यो शब्द आता कुणाला सुचंल?"

"आबा, यात खाडीत मासळी नाही असं लिहिलंय."

"मंग? माफी मागायची तर काय लिवणार? मासळी उड्या मारते, असं? शेत बुडालं तर खाडी हाय ना, ती खावा आणि सारा भरा, असं म्हणला असता सरकार."

"म्हणजे मासळी होती."

आबा हसायला लागले. "व्हती म्हंजे! अगो, महसुलाचा साहेब, सर्कल, तपासणीला यायचा. आदल्या दिवशी आमची माणसं बांधाची उघाडी उघडायची, खारं पाणी शेतात घ्यायची. खराब केलेलं शेत दाखवायचं. मंग सर्कल आमच्या या ओटीवर जेवायचा. आजीनं केलेलं तांबोशीचं कालवण. वरून तिसऱ्या. दोनदा भात मागून घ्यायचा आणि हात धुऊन लिवायचा, मासळी नाय."

सुगंधा वहिनी म्हणाली, "मेल्याच्या घशात काटा कसा नाय अडाकला?"

मी हसले नाही. "आबा, कारखान्याच्या वकिलाला हे मिळालं तर?"

"तो कशाला मोडी वाचतोय?"

मी त्यांना समजावलं. मी नकला मागितल्या त्याची नोंद होते. दुसरा कुणीही त्याच नकला मागू शकतो. आपणच आधी समितीपुढे ठेवू. हे अर्ज माफीसाठी रचलेले आहेत, असं आपणच सांगू. सर्कलची गोष्ट सांगू.

आबांचं हसू गेलं. "म्हंजे मी उभं ऱ्हाऊन सांगायचं, आमचा आजा खोटारडा व्हता?"

"खोटं कशासाठी लिहिलं तेही सांगायचं."

"ते कोण ऐकतंय? गाऱ्हाण्यात ज्याचं नाव घेतो त्याला मी सरकारदरबारी लबाड म्हणू? पुढच्या शिमग्याला कंच्या तोंडानं नाव घेऊ?"

"मग खाडी जाऊ दे का?"

"खाडी गेलेलीच हाय," आबा म्हणाले. "आता आजा पण घालवू?"

मी चिडले. मला चिडायला वेळ लागत नाही. म्हटलं, तुमच्या सुनेचे हात बघा. मेलेल्याचं नाव राखायचं की जितीचे हात? आबा उठून आत गेले. वहिनीने मला चहा दिला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "माजे हात मधी आणू नको गो. मला सासऱ्यासोबत ऱ्हायचं हाय."

काही दिवसांनी कदमांचा फोन आला. "ताई, सांगू नये, पण तुम्ही ज्या नकला घेतल्यात त्यांच्यासाठी कारखान्याकडून अर्ज आलाय. सोबत मोडी वाचकाचं नावही दिलंय." मी आबांना कळवलं. त्यांनी फोनवर फक्त "बरं" म्हटलं.

सुनावणी तालुक्याच्या सभागृहात झाली. गावातून टेम्पो भरून माणसं आली होती. सुगंधा वहिनी बायकांत मागे, हात पदरात गुंडाळून. वकिलांनी त्या अर्जांचं बाळबोध लिप्यंतर वाचायला सुरुवात केली. एक वाचला, दुसरा वाचला. आवाज चढवला नाही, कशावरही जोर दिला नाही. चांगले वकील असे असतात. ओळीने 'खाडीत मासळी नाही' ऐकू येत गेलं आणि गावातली पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांना काही माहीत नव्हतं. शेवटी वकील म्हणाले, "हे आमचं म्हणणं नाही. गावाचं आहे. गावाने पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेलं आहे." पिढ्यान्‌पिढ्या म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी उत्तर द्यायला उठले, तेवढ्यात आबा उभे राहिले. काठी नव्हती. पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"ह्ये अर्ज माज्या आजानं लिवले. ते खोटे हायत."

सभागृहात कुणीतरी "आबा!" असं दबक्या आवाजात म्हणालं. आबा थांबले नाहीत. त्यांनी सर्कलची गोष्ट सांगितली. तांबोशी सांगितली, दोनदा मागितलेला भात सांगितला. लोक हसले. समितीचे अध्यक्षही हसले. वकील हसले नाहीत, लिहून घेत राहिले.

अध्यक्षांनी विचारलं, "आजोबा, अर्ज खोटे होते याला पुरावा काय? तुमच्या ऐकीव गोष्टीशिवाय?"

आबा म्हणाले, "आमच्या गावात कायबी ठरलं की देवळात जाऊन, आत, देवासमोर वाचतात. लग्न ठरलं, वाटणी झाली, भांडण मिटलं, सगळं आत. धाऱ्याचा अर्ज तेवढा पायरीवर वाचायचे. बाहेर. माज्या लहानपणापास्नं बगतोय, माफीचा अर्ज बाहेर. का, ते कुणी इचारलं नाय. सगळ्यांस्नी ठाव व्हतं. देवासमोर खोटं वाचता येत नाय."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या गावात जाते, त्या पायरीवर बसून सभा घेतल्यात. कुठल्या कागदात हे सापडलं असतं? कुठल्याच नाही. मला वाटलं, आता जिंकलो.

वकील उठले. म्हणाले, "मी या वृद्ध गृहस्थांचा आदर करतो. त्यांनी प्रांजळपणे सांगितलं की त्यांचं गाव सरकारकडून काही मिळवायचं असलं की परिस्थिती वाईट करून लिहितं. शेतात मुद्दाम खारं पाणी घेण्यापर्यंत जातं. आज हे गाव नुकसानभरपाई मागतंय. आज लिहिलेलं खरं कशावरून?"

आबा उभेच. माझ्या जागेवरून खुर्चीची पाठ धरलेला त्यांचा हात तेवढा दिसत होता. मी ओरडले. काय ओरडले ते इथे छापता येणार नाही. अध्यक्षांनी मला बसायला सांगितलं. मागून सुगंधा वहिनी चालत पुढे आली. पदर सोडला आणि दोन्ही हात टेबलावर, अध्यक्षांच्या कागदांवर, उताणे ठेवले.  वकील नरमाईने म्हणाले, "त्वचारोगाची कारणं अनेक असतात."

पुढे अहवाल आला. खाडीच्या पूर्वस्थितीबाबत उपलब्ध कागदपत्रे परस्परविरोधी व अविश्वसनीय असल्याने निष्कर्ष काढता येत नाही. कारखान्याने यापुढे दक्षता घ्यावी. संपलं. माझी सगळी वेचलेली टिपणं, तरीचे मक्ते, नष्ट झालेल्या अर्जांची ती ओळ, सगळं त्या एका 'अविश्वसनीय' शब्दात बुडालं.

मला अजून राग येतो आणि तो एकट्या कारखान्याचा नाही. सरकारकडे माफी मागायची तर माणूस कंगाल दिसावा लागतो. भरपाई मागायची तर तोच माणूस आधी सुखवस्तू होता असा कागद लागतो. गरिबाने दोन्हीकडे कागद कुठून आणायचा? आबांच्या आजाने गाव वाचवलं, ते खोटं लिहूनच वाचवता येत होतं. त्या खोट्याचा दंड सुगंधा वहिनी भरतेय. आणि ज्या सर्कलने तांबोशी खाऊन शेरा मारला, त्याचा शेरा आजही 'अ' वर्गात, तांबड्या कापडात सुखरूप आहे.

अहवालानंतर मी त्या गावात जायचं टाळत होते. आबांना तोंड कसं दाखवू? मग त्यांचाच निरोप आला. गेले तर ओटीवर बसलेले. म्हणाले, "बाय, तू तो वर्ग सांगितलावतास ना, अ ब क ड. तक्रार केली तर रद्दी. धाऱ्याचा कागद ऱ्हातो. खरं ना?"

"बहुतेक राहतो."

"मंग माफीचा अर्ज लिही. खाजणाच्या धाऱ्याचा."

"आबा, धारा आता किती भरता? चहाचे पैसे व्हायचे नाहीत. माफी कोण देणार?"

"माफी कोण मागतोय?" आबा म्हणाले. "अर्ज ऱ्हायला हवा."

तो अर्ज नामंजूर झाला, हे आधीच सांगून टाकते. तहसीलला कारकून बाईंनी वाचून विचारलं, "यात मासळीची नावं कशाला?" तलाठी पंचनाम्याला आला. बिचारा नवा पोरगा होता, नांदेडकडचा, खाडी पहिल्यांदा बघत होता. गावच्या रीतीप्रमाणे आबांच्या ओटीवर जेवला. सुगंधा वहिनीने काळ्या वाटाण्याचं सांबार आणि भात वाढला. तो लाजत म्हणाला, "मला वाटलं कोकणात मासे असतात." वहिनी म्हणाली, "वाढ हवी तर सांबाराची सांगा." त्याने प्रामाणिकपणे सगळं लिहून घेतलं. 'अर्ज नामंजूर करून प्रकरण अभिलेखात दाखल' असा आदेश आला. त्यातलं 'अभिलेखात दाखल' मी आबांना वाचून दाखवलं. नामंजूर त्यांनी ऐकलंच नाही.

पण लिहायचंय ते अर्ज वाचला त्या संध्याकाळचं.

अर्ज लिहायला सगळं गाव देवळापाशी जमलं होतं. मी लिहीत होते. सवयीने एक जण म्हणाला, "लिही, खाडीत काय उरलं नाय."

आबा त्याच्यावर वसकन ओरडले. "उरलंय ते लिवायचं. आजाचा अर्ज लिवायला नाय बसलो."

मग सांगणाऱ्या बायका पुढे आल्या, कारण पुरुषांना खाडीचं एवढं माहीत नव्हतं. पूर्वी ओहोटीला कुठल्या खडकाला कालवं लागायची. तिसऱ्या कुठे, मुळे कुठे. काळुंदर कुठल्या कोंडीत गरीला लागायचा. कुणाची आई टोपली डोक्यावर घेऊन कुठल्या बाजाराला चालत जायची. आता काय दिसतं. खेकडे अजून आहेत, पण कवच मऊ. बोय येते, पण पावसात, आणि पावसाबरोबर जाते. शिंपल्या तिवराच्या झाडाखालच्या चिखलात, तेवढ्याच. ठाऊक नाही तिथे मी 'ठाऊक नाही' असं लिहिलं. एका म्हातारीला 'खूप' लिहायचं होतं. सुगंधा वहिनी तिला म्हणाली, "खूप नको. वकील इचारतो किती."

अर्ज पुरा झाला. रीतीप्रमाणे लोक उठून पायरीवर बसले. मी पायरीवर उभी राहून वाचायला कागद उघडला. आबांनी हात वर केला.

"हितं नाय."

 आबांनी चपला काढल्या, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी पायऱ्या चाचपत चढले आणि उंबऱ्याच्या आत जाऊन उभे राहिले, आजोबांच्या फोटोखाली. तिथून मला म्हणाले, "आत ये. आत वाच."

एकेक करून सगळं गाव आत आलं. धाऱ्याचा अर्ज त्या देवळात आत कधी वाचला गेला नव्हता. मी वाचला. शेवटचं वाक्य आबांनी स्वतः सांगून लिहवून घेतलं होतं, मी त्यातला एकही शब्द बदलला नाही.

'आमच्या वाडवडलांनी खाडीत मासळी नाही असे सरकारास लिहून दिले, ते खोटे होते. आम्ही लिहून देत आहोत, ते खरे आहे. वाचणाराने दोन्ही वेगळे ओळखावे.'

देवासमोर वाचून झालं की गावाने होकार म्हणायचा असतो. मला वाटलं, कुणी म्हणणार नाही. आजोबांच्या फोटोसमोर कोण म्हणणार?

मग आबाच म्हणाले, पलीकडच्या तीरावर पोचेल अशा त्या आवाजात. "व्हय महाराजा."